अथालचा तांबडा मुरूम

बाबा, काल ती आली होती, तुमच्या मशीनवरची. दारात उभी राहिली तेव्हा मी ओळखलंच नाही. केस पांढरे, एका पायाने जरा लंगडते, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. मग ती हसली आणि मी ओळखलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आई गेली, आपलं क्वार्टर पाडून तिथे चार मजले उठले, तुमच्या निवृत्तीच्या वयाची मी स्वतः झाले. तरी तिला बघून पहिला विचार आला तो हाच, की आली ही, आता काय घेऊन जाणार? खरं तर ती द्यायला आली होती. "ताई, आमी गावाले चाललो आता कायमचे," ती म्हणाली. "मालकाचं कारखान्यातलं संपलं. उद्या दोनची गाडी हाय. म्हटलं, तुमची वस्तू तुमाले देऊन जाऊ." पिशवी सोडली तर आत ती लांब वही, निळ्या पुठ्ठ्याची, माझ्या अक्षरातली. तुम्ही गेल्यावर जी मी तुमच्या ट्रंकेत, आईच्या कपाटात, माळ्यावरच्या रिकाम्या पिंपातसुद्धा शोधली होती, ती वही इतकी वर्षं तिच्या घरात होती.

जमिनीखालचं लोखंड शोधायचं ते मशीन आलं तेव्हा कुणालाच नको होतं. पाण्याच्या खात्यात तुम्ही फिटर मेस्त्री. ऐंशीच्या पुढची ती वर्षं, सिल्वासात कुठे ना कुठे रस्ता रुंद होत होता, कारखाना उभा राहत होता, त्याच्यापुढे खडी पडत होती. खडीवर डांबर, डांबरावर पुन्हा मुरूम, आणि त्याखाली तुमचे व्हॉल्व्ह गाडले जात होते. पाइप सिमेंटचे, व्हॉल्व्हचं झाकण तेवढं बिडाचं, म्हणजे लोखंडाच्याच जातीचं. ते सापडलं नाही तर पाणी बंद कुठून करणार आणि फुटलेला पाइप दुरुस्त कसा करणार? म्हणून ते मशीन मागवलेलं: एक दांडा, खाली ताटाएवढी थाळी, वर डबा, डब्यावर दोन बटणं आणि कानाला लावायचे हेडफोन. खाली लोखंड असलं की कानात वाजायचं. पण आपल्याकडच्या जमिनीवर ते पावलोपावली वाजायचं, लोखंड असो वा नसो. खात्यातल्या लोकांनी चार दिवस वापरून 'खटारा आहे' म्हणत ते कपाटात टाकलं. तुम्ही ते कपाटातून काढलंत आणि एका रविवारी घरी घेऊन आलात, सोबत इंग्रजी पुस्तिका. "बाय, वाच गो जरा, काय लिवलंय ह्यात." बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या, नोकरीच्या परीक्षांचे अर्ज भरणाऱ्या मुलीला बापाने पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी अर्ज बाजूला सारून स्वयंपाकघरात तुमच्यासमोर मांडी घालून बसले.

तो रविवार मला अजून दिसतो. आई स्टोव्हवर कुळथाचं पिठलं ढवळतेय. तुम्ही हातातलं घड्याळ, कंबरेच्या किल्ल्या, बोटातली अंगठी सगळं काढून फळीवर ठेवलंय, कारण मशीनला अंगावरचा धातू चालत नाही. थाळी डब्यांच्या मांडणीजवळ गेली की मशीन किंचाळतं आणि आई म्हणते, "माझ्या भांड्यांना दृष्ट लावाल." मग थाळी वाटणाच्या पाट्यावरून जाते, त्या काळ्या दगडी पाट्यावरून, आणि मशीन घुमायला लागतं. "आता दगडात कुठलं आलं लोखंड?" आई विचारते. मी पुस्तिकेचं पान उलटते आणि मला ते एकदम कळतं. काळ्या कातळातच लोखंडाचे कण असतात. आपला तांबडा मुरूम म्हणजे तोच कातळ कुजून झालेला, त्याचा तांबडेपणा म्हणजे गंजच. मशीनला ती जमीनच लोखंड वाटते. मी सांगते आणि तुम्ही पाट्याकडे बघत राहता. "म्हंजे जमीन खोटं बोलत न्हाय," तुम्ही म्हणता. "हाय तेच सांगतेय बिचारी. आपल्याला ते नको, एवढंच." मग आपण तो पाटा गप्प केला. हेडफोन तुमच्या कानावर, बटण माझ्या हातात. थाळी गुडघ्याइतकी वर धरायची, वीतभर अंतरावर खाली आणायची. खाली येताना आवाज वाढला तर बटण एका बाजूला फिरवायचं, मावळला तर दुसऱ्या. वर, खाली, वर, खाली, दोन्हीकडे आवाज सारखा होईपर्यंत. मग ती जमीन मशीनच्या लेखी नाहीच, आणि त्यानंतर जे बोलेल ते खरं लोखंड. तुम्ही पाट्याखाली एक नट सरकवलात, पुन्हा थाळी फिरवलीत, आणि तुमचा चेहरा असा फुलला की आईने पिठलं ढवळायचं थांबवलं. "हुशार गो माझी बाय," तुम्ही म्हणालात. बाबा, ते वाक्य मी किती दिवस पुरवून पुरवून खाल्लं हे तुम्हाला ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात मी ती सगळी पुस्तिका मराठीत उतरवली. वही लांब घेतली, म्हणजे तुम्हाला मागच्या पानांवर टिपता येईल. पुस्तिकेतल्या 'ग्राउंड बॅलन्स' या शब्दाला मी 'जमीन जुळवणे' म्हटलं आणि तुम्हाला ते इतकं आवडलं की खात्यात सगळे तेच म्हणायला लागले. एक ओळ मी लाल शाईने अधोरेखित केली होती: खाली लोखंड नाही अशी खात्री असेल तिथेच जमीन जुळवावी, लोखंडावर उभं राहून जुळवली तर मशीन त्या लोखंडालाच जमीन समजेल आणि मुकं होईल. हे मी लिहिलं, मी अधोरेखित केलं. मागच्या पानांवर तुमचं गिचमिड अक्षर वाढत गेलं. खेरडी, शेताकडेची काळी माती, चार. दादरा, भराव, पाच. अथाल, तांबडा मुरूम, साडेसहा. प्रत्येक जमिनीचा बटणावरचा आकडा. पण हेडफोन तुम्ही तेव्हा माझ्या कानाला कधी लावले नाहीत, त्या रविवारीही नाही. एकदा मशीन घरी होतं तेव्हा मी ते उचलले, तर तुम्ही दारातूनच ओरडलात, "ठेव ते. खेळणं न्हाय." मी विचारलं, "मी येऊ का उद्या तुमच्याबरोबर?" तर म्हणालात, "तू कशाला उन्हात? तुझं तू परीक्षेचं बघ." मुलीने टेबलखुर्चीवर बसावं ही तुमची इच्छा होती, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मग तुम्ही तिला का नेलंत?

ती खोदकामाच्या टोळीत रोजावर होती. नवरा दादऱ्याला सुताच्या कारखान्यात, दोघंही खानदेशातून आलेली, अंगावर पिणारं मूल. ती कशी सापडली ते तुम्हीच त्या संध्याकाळी जेवताना सांगितलंत. खेरडीला तुम्ही हेडफोन काढून डब्यावर ठेवले होते आणि घाम पुसत होतात. थाळी नुसती जमिनीवर टेकलेली. चार हातांवरून ही घमेलं घेऊन जात होती, ती थांबली आणि म्हणाली, "अण्णा, वाजू राह्यलं ते." उघड्यावर, टोळीच्या गलक्यात, तिला ते ऐकू आलं होतं. तुम्ही खणायला लावलंत आणि दीड हातावर झाकण लागलं. "तिला कान हाय," तुम्ही आईला म्हणालात. मी तुमच्या ताटात भाकरी वाढत होते. तुम्ही माझ्याकडे न बघता पुन्हा म्हणालात, "कान हाय तिला. शिकवून येत न्हाय हे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला कान आहे की नाही हे बघायची तसदी कुणी घेतली होती का?

तेव्हा मला ठाऊक नव्हतं की तुमचे स्वतःचे कान गेले होते. पंपाच्या खोलीत वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस; जाड आवाज यायचा, बारीक आवाज यायचा नाही. रेडिओ मोठा लावता म्हणून आई करवादायची आणि तुम्ही "बॅटरी उतरलीय" म्हणून वेळ मारून न्यायचात. हे तुम्ही आम्हाला दोघींना सांगितलं नाही, खात्यात सांगितलं नाही. तिला सांगितलंत. हे मला कुणाकडून कळलं माहीत आहे? आईकडूनही नाही, डॉक्टरकडूनही नाही. तिच्याकडून, काल. "अण्णांले बारीक आवाज येत नव्हता नं, म्हणून त्यांनी मले धरलं व्हतं," ती सहज म्हणाली.

त्या वर्षभरात मी काय काय मोजलं ते सांगते, हसू नका. तिच्या पायातल्या जोडव्यांमुळे थाळी पायाजवळ आली की मशीन वाजायचं. तुम्ही घरी अंगठी काढत होतात, तिलाही म्हणालात काढ. ती म्हणाली, "मालक जित्ता असतांना कशी काढू, अण्णा?" दुसरा मेस्त्री असता तर तिला पुन्हा घमेल्यावर पाठवलं असतं. तुम्ही दांड्याला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा जोडून तो हातभर लांब केलात, म्हणजे थाळी तिच्या पायापासून दूर राहील. एका बाईच्या जोडव्यांसाठी तुम्ही सरकारी मशीनला हात लावलात. माझ्या ट्रंकेची बिजागरी दोन वर्षं तुटलेली होती. तुम्हाला रोज सांगत होते. मग एकदा तुमचा डबा राहिला म्हणून मी दादऱ्याला तळ्याच्या बाजूला आले. तुम्ही दोघं रस्त्याच्या कडेला वाकलेली, मूल कडुलिंबाला बांधलेल्या झोळीत. तुम्ही म्हणालात, "हळू बाय, हळू, घाई करू नको." मला वाटलं तुम्ही मला बघितलंत, मी "काय?" म्हणाले देखील. तुम्ही वर पाहिलंच नाही. तो 'बाय' शब्द माझा होता. जन्मल्यापासून फक्त माझा. डबा दगडावर ठेवून मी तशीच परत आले, आणि तुम्ही संध्याकाळी विचारलंत, "हाक न मारता का गेलीस गो?"

आता अथालचं. ते सांगण्यासाठीच हे सगळं.

मे महिना होता. अथालच्या रस्त्यावर पाइप फुटलेला, पाणी नाल्यात वाहून चाललेलं आणि पुढची नवी वसाहत दोन दिवस कोरडी. व्हॉल्व्ह सापडत नव्हता. त्यात मोठे साहेब स्वतः येणार होते. मशीनवर एक माणूस कायम नेमायचा की नाही हे त्यांना ठरवायचं होतं, आणि तुम्ही तिचं नाव सांगून ठेवलं होतं. रोजावरच्या बाईला सरकारी नोकरी. घरात आठवडाभर तेच चाललं होतं. माझ्या परीक्षेचा निकाल त्याच सुमाराला लागला होता आणि मी नापास झाले होते. तुम्ही "पुन्हा बस" इतकंच म्हणालात आणि लगेच आईला सांगायला लागलात की साहेबांसमोर तिने घाबरू नये. मी म्हटलं, मी डबा घेऊन येते. मला तिला घाबरलेलं बघायचं होतं, हे आज लिहायला हरकत नाही.

साहेब लवकर आले. ती वडाखाली मुलाला पाजत बसली होती. साहेबांनी तुम्हाला नकाशा बघायला जीपकडे बोलावलं. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत, मी दिसले. दांडा माझ्या हातात दिलात, हेडफोन स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या कानावर बसवलेत. "बाय, तेवढी जमीन जुळवून ठेव. तूच लिवलंयस ना वहीत." ते गरम होते, तुमच्या घामाने ओले. मी बांगड्या काढून ओच्यात बांधल्या आणि चालू लागले. बाबा, मला वाटलं होतं काही ऐकू येणार नाही. पण सगळं ऐकू आलं. मुरमाचा आवाज लांबच्या पिठाच्या गिरणीसारखा, जाड, एकसुरी. मी थाळी वर घेतली, खाली घेतली, बटण फिरवलं, आणि साडेसहावर ती गिरणी बंद पडली. अगदी तुमच्या आकड्यावर. मला हसू आलं. मग मी उगाच चार पावलं पुढे गेले, कडेच्या मैलाच्या दगडाकडे, आणि तिथे वाजलं. बारीक, सरळ, सुईसारखं. मी थाळी डावीकडे नेली, गेलं. उजवीकडे आणली, आलं. पुढे, मागे, कडा नीट लागत होत्या, हातभर रुंद. खाली झाकण होतं. टोळी दोन दिवस जे शोधत होती ते माझ्या पायाखाली होतं, आणि ते मला हेडफोन लावल्यापासून दहाव्या मिनिटाला सापडलं होतं.

मी हात वर करणार होते. शपथेवर सांगते, उजवा हात खांद्यापर्यंत गेला होता. तुम्हाला हाक मारायची म्हणून एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि तुमचा आवाज आला. तुम्हाला ऐकू कमी येत असे म्हणून तुम्ही मोठ्यानेच बोलायचात. साहेब विचारत होते, "मेस्त्री, ये औरत कर लेगी?" आणि तुम्ही वडाकडे बोट दाखवून म्हणालात, "साहेब, ती माझा कानच हाय. माझ्या घरात पण असा कान न्हाय कुणाला." माझा हात खाली आला. पटकन डोक्यात हिशेब झाला की मी आत्ता ओरडले तर काय म्हणतील? मशीन चांगलं आहे म्हणतील. पोरीचं नशीब म्हणतील. आणि नोकरी तिलाच मिळेल. मी तिथेच, त्या झाकणावर, थाळी वर घेतली, खाली घेतली आणि बटण फिरवत गेले. साडेसहावरून सहा, पाच, चार. ती सुई बोथट होत गेली. तीनवर ती नाहीशी झाली. मग मी आले आणि मशीन तिच्या हातात दिलं. "जुळवलीय," मी म्हटलं.

तिने बटणाला हात लावला नाही. का लावेल? मेस्त्रींच्या मुलीने जुळवली होती, वही लिहिणाऱ्या मुलीने. एकदा ती थांबून म्हणाली, "अण्णा, आज मशीन लई गप हाय," आणि तुम्ही हेडफोन कानाला लावून मान हलवलीत. तुम्हाला तो बारीक आवाज असाही कळला नसता, हे तुम्ही तिथे कुणाला सांगणार? ती त्या झाकणावरून तीनदा गेली. मी वडाखाली तिच्या मुलाची झोळी हलवत बसले होते आणि मोजत होते. साहेबांनी नकाशावरून तीन ठिकाणी खणायला लावलं. काहीच निघालं नाही. ऊन चढलं, वसाहतीतल्या बाया कळशा घेऊन टँकरची वाट बघत रस्त्यावर उभ्या राहिल्या. साहेब जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "औरतों का काम नहीं है, मेस्त्री," आणि तो विषय तिथेच संपला. झाकण त्यानंतर तिसऱ्या दिवशी निघालं, पाइपच्या कडेने हाताने उकरत आल्यावर, मैलाच्या दगडापासून दोन पावलांवर. ती पुन्हा घमेल्यावर गेली. पावसाळ्याआधी तेही सोडून नवऱ्याच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. मशीन कपाटात गेलं. मी पुढच्या वेळी परीक्षा पास झाले, शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तीस वर्षं मुलांना लोहचुंबक आणि टाचण्या दाखवल्या. तुम्ही मला त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द विचारला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही. नंतर वाटलं, कळलंय आणि तुम्ही मनात ठेवलंय. या दोन्हींच्या मध्ये मी तुमची शेवटची वर्षं काढली. तुम्हाला पाणी द्यायला येत होते आणि तुमच्या तोंडाकडे बघत होते.

काल चहा घेता घेता तिने वहीचं ते पान उघडून माझ्यापुढे केलं. निवृत्त झाल्यावर तुम्ही सायकलवरून दादऱ्याला तिच्या चाळीत जाऊन वही दिलीत म्हणे, "तुझी हाय ही" म्हणून. तिची नोकरी हुकल्यावरसुद्धा. मागच्या पानांवर, अगदी शेवटाकडे, तुमचं अक्षर: अथाल, तांबडा मुरूम, काटा तीनवर. संध्याकाळी मशीन पेटीत ठेवताना पाहिलं. मुलीने जुळवली. तिला कान नाही. ठाऊक असून दिलं, चूक माझी. त्याखाली दुसऱ्या शाईत: साहेबांना सांगायला गेलो, दारातून परत आलो, मुलीचं नाव निघालं असतं.

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे त्या दिवशी तुम्ही माझी बाजू घेतली होतीत. तिची नोकरी एका पारड्यात, माझं नाव दुसऱ्यात, आणि तुम्ही मला निवडलंत. मी जन्मभर ज्याच्यासाठी जळत होते ते झालं होतं, आणि मला ते इतक्या वर्षांनी तिच्या प्लास्टिकच्या पिशवीतून मिळालं. आनंद व्हायला हवा होता. पण डोळे त्या तीन शब्दांवरून हलेनात. तिला कान नाही. तुम्ही मला माफ केलंत ते मी अडाणी आहे असं समजून. ती माझ्याकडे बघत होती. तिला ते पान पाठ असणार. वाईट वाटून ती पुढे सरकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई, मनाले लावून घेऊ नका. तुमी काय मुद्दाम केलं? समद्यांलेच कान राहत नाही." मी विचारलं, "तुला राग नाही आला बाबांचा? साहेबांना सांगितलं असतं तर तुला नोकरी मिळाली असती." ती म्हणाली, "बापच व्हते ते. बाप काय करीन?" मग म्हणाली, "उद्या या सोडायला. दोनची गाडी हाय." तिने माझी कीव केली, बाबा. ज्या गोष्टीत मी तिच्या आधी पोचले होते त्याच गोष्टीत. मी तोंड उघडलं होतं. सांगायचं तर एकच वाक्य होतं. पण त्या वाक्यात मला कान होता हेही आहे आणि मी काय केलं हेही आहे, आणि एक सोडून दुसरं सांगता येत नाही. मी म्हटलं, "अजून थोडा चहा घे."

त्यापुढे तुम्ही कुठली जमीन नोंदवली ते बघितलं. एकच ओळ होती, पुन्हा अथाल, साडेसहा. बहुतेक झाकण निघाल्यावर एकटे जाऊन बघून आला असाल. माझा आकडाही पहिल्यांदा साडेसहाच आला होता, हे तुम्हाला कोण सांगणार?

मी सकाळी नऊला लिहायला बसले, साडी नेसून, पायात चपला घालून, म्हणजे संपलं की तसंच उठून स्टँडवर जाता येईल. तिला फराळाचं बांधलंय, डबा टेबलावर आहे. मध्ये दोनदा घड्याळ पाहिलं. पाट्याचं आणि पिठल्याचं इतकं लांबवायची काही गरज नव्हती. आता अडीच वाजून गेलेत. ती गावी जाईल आणि सगळ्यांना सांगेल की अण्णांच्या मुलीला बिचारीला ऐकू यायचं नाही. सांगू दे. तिच्यासमोर मी तेवढी बिचारी राहू शकते. तिची माफी मागायची होती, ती मी मागितली नाही, आणि खरं सांगायचं तर हे पत्र लिहायला बसले तेही माफीसाठी नाही. पत्र वहीत ठेवते, त्याच पानात. तुमची ती ओळ मी खोडत नाही, फक्त ती चूक आहे. मैलाच्या दगडापासून दोन पावलांवर, साडेसहावर, मला स्वच्छ ऐकू आलं होतं, बाबा. तिच्या आधी.